गपगावातली हाक

९ जानेवारी

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून नाक मुरडू नकोस, आधी वाच. फोन करून करून मी हात टेकले. तू उचलतोस, 'कोण?' म्हणतोस, आणि मी 'अरे मी' म्हणेपर्यंत ठेवून देतोस. तुझ्या दाजींच्या फोनवरून केला, शिवणकाकूंच्या दुकानातून केला, तरी तेच. आपल्या माणसाचा आवाज आला की खट्. कागदाला आवाज नसतो, म्हणून हा उद्योग. तू काम करतोस त्या गोदामाचा पत्ता तुझ्या मित्राकडून काढला. त्याच्यावर डाफरू नकोस, मी त्याच्या मानगुटीवर बसले होते.

इकडे सगळं ठीक. माझ्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनतायत, दाजींच्या लिफ्ट अडकतायत, अप्पा आहेत तसे आहेत. पत्र त्यासाठी नाही, खेळासाठी आहे.

होय, तू आणलेला तोच खेळ. तू गेल्यावर खोका कपाटावर पडून होता. मग एका रविवारी दुपारी अप्पांनीच तो खाली काढला, फडक्यानं पुसला आणि नकाशा जेवणाच्या टेबलावर अंथरला. मी फासे आणले, काकूंना हाक मारली, आणि सुरू झालो. सूत्रधार अजून मीच.

तुझे नियम तसेच ठेवलेत. सूत्रधारानं जग बनवायचं नाही. प्रत्येकानं आपल्या पात्राला काय हवंय ते सांगायचं, आणि जे हवं असेल ते जगात कुठेतरी असलंच पाहिजे. मिळेल की नाही ते फासे ठरवतील. 'नको' मात्र चालणार नाही, कारण नकोतून काही उगवत नाही. हे तू कंबरेवर हात ठेवून म्हणाला होतास, आणि आम्ही तुझी टिंगल केली होती. पण जग उगवलं. काकूंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांच्या चोरटीला पायऱ्या नसलेलं घर हवं होतं, त्यातून सपाटपूर झालं. दाजींना लिफ्टच्या घंटांचा वीट आलेला, त्यांच्या वैद्याला शांतता हवी होती, म्हणून कुणीच बोलत नाही असं गपगाव झालं. अप्पांच्या वाटाड्याला पाट्या लावलेले रस्ते हवे होते. तेव्हापासून आपल्या जगात घोड्यांशिवाय वाहन नाही, पण 'वळणावर हॉर्न द्या' अशा पाट्या जागोजागी आहेत. आयुष्यभर लोकांना गाडी शिकवलेल्या माणसाचं जग असंच व्हायचं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

आणि तुझा नावाडी. तो नदीवरच आहे, तू सोडलास तिथं. तू शेवटचा खेळलास त्या दिवशी 'नावाड्याला समुद्र हवाय' म्हणालास, मी नकाशाला नवा कागद चिकटवला, अप्पा 'समुद्र नको' म्हणाले आणि त्यांनी तो कागद टेबलाखाली दुमडला. तो अजून दुमडलेलाच आहे.

आता मुद्दा. गेल्या रविवारी मी नेहमीसारखं विचारलं, कुणाला काय हवंय? अप्पा म्हणाले, "वाटाड्याला नावाडी शोधायचाय."

काकूंनी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. मी म्हटलं, "अप्पा, ज्याचं पात्र त्यानंच बोलायचं. तो टेबलावर नाही, मी त्याला कसा आणू?"

"बोलव म्हणालो का मी? शोधायचाय म्हणालो. शोधायला बंदी आहे?"

बंदी नाही. घोडं इथंच अडलंय. तुझ्या एका नियमानं अप्पांना हवं ते जगात असलं पाहिजे. दुसऱ्या नियमानं मी ते देऊ शकत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. तेव्हा दोन ओळी लिहून पाठव, नावाडी कुठे आहे. नदीच्या वरच्या अंगाला, खालच्या अंगाला, काहीही. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

तुझी ताई


८ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

दोन ओळी मागितल्या होत्या, त्याही नाहीत. ठीक आहे. मी माझ्या पद्धतीनं वेळ काढतेय.

अप्पांना पोहोचू द्यायचं नाही, म्हणून मी रस्ता लांबवते. वाटाड्या एखाद्या वस्तीत पोहोचला की तिथले लोक सांगतात, नावाडी येऊन गेला, पुढे गेला. मला वाटलं, दोन रविवारांत अप्पा कंटाळतील. कसले कंटाळतात. ते प्रत्येक ठिकाणी बसकण मारतात आणि चौकशा करतात. "इथं तो जेवला का? काय जेवला?" मग मला खानावळ काढावी लागते. "झोपला कुठं? पांघरूण होतं का?" मग धर्मशाळा आली, पांघरुणं विणणारी म्हातारी आली. "त्याची चप्पल डाव्या पायाची आधी झिजते, कुणी शिवून दिली?" मग चांभार आला.

डावी चप्पल, धाकट्या. मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं, की अप्पांना माहीत आहे?

जग इतकं पसरलंय की टेबलाची बाजूची फळी उघडावी लागली. डोंगर मी लॅबमधल्या उरलेल्या प्लास्टरचे करते, घरांची छपरं दातांच्या गुलाबी मेणाची. काकू म्हणतात, "अगं, हे गाव आहे की हिरड्या?" एका माणसाला एक माणूस हवाय, एवढ्यावर अख्खा मुलूख उभा राहिला. पाट्या मात्र बंद झाल्या. मी विचारलं, चौकात पाटी लावू का? म्हणाले, "राहू दे. ज्याला जायचंय त्याला कळतं."

अप्पा हल्ली खेळताना कमी बोलतात. घसा बसलाय. थंडीचे दिवस आहेत, बसायचाच. काल शिकायला येणाऱ्या एका मुलीचा फोन आला, अप्पा 'हॅलो' म्हणाले तर ती म्हणाली, "सरांना द्या ना." त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि बाहेर जाऊन गाडी पुसत बसले. पूर्वी उलटं व्हायचं, आठवतंय? तू फोन उचललास की लोक तुलाच 'सर' म्हणायचे, इतका तुमचा आवाज एक. तूही चावटपणानं "उद्या सात वाजता, क्लचवर पाय ठेवून झोपू नका" असं सांगून मोकळा व्हायचास.

नावाडी कुठे आहे ते कळव. मी आता फार दिवस हे ताणू शकणार नाही.

ताई


१ मार्च

धाकट्या,

आज माझ्या हातून एक वेडेपणा झाला. तुलाच सांगते, कारण तो तुझ्याबाबतीत झाला.

वाटाड्या नदीवर पोहोचला. मी नवी वस्ती काढणार होते, धुक्यात वाट चुकवणार होते, सगळी तयारी होती. पण अप्पांनी फासे टाकले आणि दोन्ही सहा पडले. सहा-सहा म्हणजे हवं ते मिळालंच पाहिजे, हाही तुझाच नियम. अप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काठावर उभा राहून वाटाड्या ओरडतो, ए नावाड्या." ओरडतो म्हणाले, पण आवाज ओठांच्या बाहेरही धड आला नाही. परत म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायला लागले आणि माझ्यानं बघवेना. मी तुझ्या ढंगात, नाकातून, म्हणून गेले, "या अप्पा, बसा होडीत."

दाजी जमिनीकडे बघायला लागले. काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाईला वाटलं, झालं, भेट झाली.

अप्पांनी फासे गोळा करून डबीत ठेवले. म्हणाले, "हा तो नव्हे. तो 'बसा' म्हणाला नसता. आधी विचारलं असतं, पोहता येतं का." मग डबीचं झाकण लावून म्हणाले, "त्याच्या आवाजात दुसऱ्यानं बोलू नये, पोरी. एकदा झालंय तेवढं पुरे."

तू ते प्रकरण मला कधी सांगितलं नाहीस. निघताना फक्त 'अप्पांना विचार' म्हणालास. मी तेव्हा विचारलं नाही, आज त्यांनी न विचारता सांगितलं. तुला बंदरावरची नोकरी लागली होती, आणि अप्पांनी तिथं फोन करून, तुझ्या नावानं, "मी येत नाही, माझी जागा दुसऱ्याला द्या" असं सांगून टाकलं. समोरच्याला संशय यायचं कारणच नव्हतं. तुमचा आवाज एक.

मी थोबाडीत मारल्यासारखी बसले. शिकाऊ गाडीत त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, तो दाबायची सवय त्यांना जन्मभर आहे, हे मला माहीत होतं. पण घरात, तुझ्यावर, असा? मी खूप बोलले त्यांना. जेवण झालं नाही कुणाचं. त्यांनी एका शब्दानं उत्तर दिलं नाही, आणि मग माझ्या लक्षात आलं की ते देऊच शकत नव्हते. घसा पुरा बसला होता.

त्यांची बाजू मी घेत नाही. तू गेलास ते बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असते तर दारावर लाथ मारून गेले असते.

तरी लिही.

ताई


२२ मार्च

प्रिय धाकट्या,

आता लपवत नाही. अप्पांना घशाचा कर्करोग आहे. पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधीच कळलं होतं. डॉक्टरबाई म्हणतात, जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, येत्या मंगळवारी काढणार. वाचण्याची आशा चांगली आहे. आवाज मात्र जाणार. पुढे यंत्र लावून घोगरं काहीतरी बोलता येतं म्हणे, पण तो त्यांचा आवाज नसेल.

त्यांनी मला बजावलं होतं, त्याला कळवायचं नाही. "आजारी बापाला बघायला सगळेच येतात. तसा यायला नको." मी म्हटलं, "अप्पा, 'नको' चालत नाही. काय हवंय ते सांगा." तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. म्हणून मी तुला नुसता खेळ सांगत बसले. वाटलं, तू हुशार आहेस, ओळखशील. नाही ओळखलंस, किंवा पत्रं फोडलीच नाहीस. माझं डोकं चालत नाही. मी लोकांना दात बसवून देते, पण बापाला आवाज कुठून आणू?

आज शस्त्रक्रियेच्या आधीचा शेवटचा रविवार. मला खेळायचं नव्हतं. अप्पांनीच फासे वाजवून सगळ्यांना बसवलं. आल्या आल्या खाली वाकले, टेबलाखाली दुमडलेला तुझा समुद्राचा कागद काढला, हातानं सुरकुत्या काढल्या आणि चिकटपट्टीनं परत जोडला. जोडताना वाकडा लागला. त्यांनी काढून पुन्हा लावला.

मग कुजबुजल्यासारखं म्हणाले, "वाटाड्याला गपगावात जायचंय. तिथं एकमेकांना हाक कशी मारतात ते शिकायचंय."

दाजींनी हे गाव गंमत म्हणून मागितलं होतं. आज ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभे राहिले.

मी विचारलं, "तुम्हाला कशी हवी हाक? हवी तशी असेल." अप्पांनी बोटाच्या पेरानं टेबलावर दोनदा टकटक केलं.

तुला वेगळं सांगायला नको. गाडी शिकवताना ते डॅशबोर्डवर वाजवतात. एक टकटक म्हणजे थांब. दोन म्हणजे जा, रस्ता मोकळा आहे. मला दोन्ही मिळायच्या. तुझ्या वाट्याला बिचाऱ्या एकच. चाक जरा फिरलं की टक्. तू म्हणायचास, "ताई, मी गाडी चालवायला नाही, थांबवायला शिकलो."

काकू म्हणाल्या, "अहो, हाक मारायची ती 'ये' म्हणून. तुम्ही तर 'जा' म्हणताय!"

अप्पा म्हणाले, "'ये' म्हणायचं माझं तोंड नाही. आणि 'जा' मी त्याला कधी म्हटलंच नाही. तेवढं राहिलंय."

हे त्यांचं मी ऐकलेलं शेवटचं लांबलचक वाक्य. तू ऐकायला हवं होतंस. मला राग येतोय तुझा, खोटं कशाला बोलू. त्यांचाही येतो. आणि दोघांपैकी कुणाचंही मी काही करू शकत नाही.

मंगळवारच्या आत फोन उचललास तर त्यांचा आवाज मिळेल. नंतर तो फक्त तुझ्याकडे उरेल.

ताई


३ एप्रिल

प्रिय धाकट्या,

शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला. मानेत भोक आहे, त्यातून श्वास घेतात, नळी साफ करताना तोंड फिरवावंसं वाटतं पण मी फिरवत नाही. लिहायला पाटी दिली, तर पहिल्याच दिवशी तिच्यावर 'पंखा' एवढं लिहिलं आणि बाजूला ठेवली. हट्टी ते हट्टीच.

मंगळवारच्या आधी तुझा फोन लागत होता, तू उचलत नव्हतास. माझं पत्र उशिरा पोहोचलं असेल, असं मी स्वतःला सांगते.

काल दुपारचं सांगते. त्यासाठीच हे पत्र.

त्यांनी खुणेनं माझा फोन मागितला. मला वाटलं, वेळ बघायचीय. त्यांनी तुझं नाव शोधलं आणि दाबलं. आवाज मोठा करून फोन उशीवर ठेवला. घंटा वाजत राहिली, आणि तू उचललास. तू म्हणालास, "कोण?"

धाकट्या, खोलीत अप्पांचा आवाज आला. घसा बसायच्या आधी जो होता तो, तसाच्या तसा, तुझ्या तोंडून. दारात उभ्या दाजींनीसुद्धा मान वळवून अप्पांकडे बघितलं. अप्पा ऐकतच राहिले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मी बोलणार होते, पण त्यांनी माझा हात धरून ठेवला. माझा आवाज आला की तू ठेवतोस, हे त्यांना माहीत होतं.

तू परत म्हणालास, "कोण आहे?"

मग त्यांनी हात उचलला. सलाईनची सुई त्याच हाताला आहे, आणि जोर अजिबात नाही. कॉटच्या लोखंडी कठड्यावर बोटाचं पेर आपटलं. एकदा. तेवढ्यानंच हात गळून खाली पडला. त्यांनी तो डाव्या हातानं धरून परत वर उचलला, आणि कठड्यापर्यंत नेईस्तोवर तू फोन ठेवला होतास.

त्यानंतर फोन बंद येतोय.

तुला एकच ऐकू गेली. तू काय समजलास ते मला कळतंय. जन्मभर ऐकलीस तीच, थांब. या अवस्थेतही, बोलता येत नाही तरीही, थांबच म्हणतायत. मी तुझ्या जागी असते तर मीही ठेवला असता आणि फोन बंद केला असता.

पण ती अर्धीच होती रे. दुसरी हातात होती.

कालपासून ते कठड्यावर वाजवतायत. नर्स येऊन रागावली, "आजोबा, काही हवं तर बेल दाबा ना, वाजवता काय?" त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. दर वेळी मोजून दोन. हाताला सराव देत असल्यासारखे. आता जमतंय त्यांना, दुसरी पहिलीच्या लगेच मागे येते.

मी हे टपालानं पाठवतेय, कारण दुसरं काही माझ्या हातात नाही. तू ये असं म्हणत नाही. त्यांना माफ कर असंही म्हणत नाही, ते तुझं तू बघ. फक्त फोन चालू कर. घंटा वाजली की उचल. पलीकडून कुणी बोलणार नाही, घाबरू नकोस. पहिली टकटक ऐकलीस की ठेवू नकोस.

एक क्षण थांब. दुसरी येतेय.

ताई